खेचराला आवतण

आमच्या आईने खेचराला आवतण दिलं, ते मला कळेपर्यंत उशीर झाला होता.

खेचर म्हणजे जनावर नव्हे. आमच्या नगरच्या एमआयडीसीतल्या कंपनीने लष्करासाठी केलेलं चार पायांचं यंत्र. जिथे गाडी चढत नाही तिथे पाठीवर दारूगोळा घेऊन चढायचं, हे त्याचं काम. फौजेतून हवालदार म्हणून सुटल्यावर मी कंपनीत चाचणीला लागलो. रिमोट माझ्या हातात आणि खेचर माझ्या पुढे. कंपनीला खडकाळ, चढउताराची पडीक जागा हवी होती, आणि त्या बाबतीत आमची श्रीमंती मोठी. लष्कराच्या सराव मैदानाला लागून आमचं रान. ज्या रणगाड्यावर मी शिकलो, तो आता त्या मैदानावर नेमबाजीचा निशाणा म्हणून उभा आहे. नोकरी संपल्यावर त्याच्यावर तोफा झाडतात. मला निदान पेन्शन मिळते.

चाचण्या संपेपर्यंत खेचराचा मुक्काम आमच्याच गोठ्यात होता. गोठा रिकामाच होता म्हणा. वडील गेले, बैल विकले, नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला. आई मात्र दर पोळ्याला मातीच्या बैलांना ओवाळत राहिली.

भार जास्त झाला की खेचर ओरडायचं. आमचा इंजिनिअर रविराज म्हणायचा, काका, तो नुसता इशारा आहे, चालवणाऱ्याला कळावा म्हणून. मला ते कळत होतं. पण पठ्ठ्याने आवाज असा बसवला होता की ऐकून दात आंबायचे. आई दारात येऊन उभी राहायची आणि शिव्या मला द्यायची.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गोठ्यात गेलो, तर खेचराच्या पुढच्या दोन्ही पायांच्या वरच्या सांध्यांना तूप-हळद चोळलेली. बैलाची करतात तशी खांदेमळण. कडूबाई, म्हणजे आमच्या मातोश्री, पदराला हात पुसत शांत उभ्या होत्या.

"आवतन दिलं मी त्याला," ती म्हणाली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. रीतीनं दिलं."

तूप सेन्सरवर गेलं होतं. मी करवादत फडकं घेऊन पुसायला बसलो, आणि पुसता पुसता उद्या काय आहे ते आठवलं. आवतण दिलेल्या बैलाच्या मानेवर पोळ्याला जू ठेवत नाहीत. त्या दिवशी त्याला कुणी चाबूकसुद्धा दाखवत नाही. आणि उद्या खेचराची शेवटची चाचणी होती. पाय मोडेपर्यंत वजन लादत जायचं, आणि ते कधी मोडतं हे बघायला दिल्लीहून मेजर साहेब येणार होते.

मी आईला समजावून पाहिलं. म्हटलं, लोखंड आहे ते, त्याला जीव नाही, दुखणं नाही.

"मुकं जनावर वरडत न्हाई म्हनून त्याला जपायचं असतं," ती म्हणाली. "हे तर वरडतंय. आन जीव असंल नायतर नसंल, सबूद मी दिलाय."

सकाळी मी रविराजला विचारलं, एक दिवस पुढे ढकलता येईल का. तो हसला. मग मेजर साहेबांच्या कानावर घातलं. माणूस भला. सगळं नीट ऐकून घेतलं, आईच्या पाया पडले, आणि म्हणाले की उद्यापासून मैदानावर गोळीबार सुरू होतोय, मग या रानात कुणालाच उभं राहता येणार नाही. खरंच होतं ते. मी आणखी भांडायला हवं होतं. पण उभा जन्म 'जी साहेब' म्हणण्यात गेला, जिभेला दुसरं वळणच राहिलं नाही. शिवाय खरं सांगायचं तर मी दमलो होतो. रिमोट घेतला.

खेचराला चढावर उभं केलं. मजूर पाठीवर वाळूची पोती चढवू लागले. थोड्या वेळाने ते ओरडायला लागलं. पाय थरथरत होते, पण उभं होतं. भार सोसेना झाला तर खाली बसायची त्याला सोय होती. ती रविराजने आजच्यापुरती काढून ठेवली होती. आई नैवेद्याचं ताट घेऊन बांधापर्यंत आली. मेजर साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मान वळवली, आणि तो आवाज बंद करा म्हणून सांगितलं, माताजींना त्रास होतोय. रविराजने लॅपटॉपवर बोट टेकवलं. आवाज थांबला. पोती चढतच राहिली.

ते मला जास्त जड गेलं. पाय तसेच थरथरत होते, आणि ऐकू येत होती ती फक्त मजुरांची धाप.

"आता दुकत न्हाई व्हय त्याला?" आईने विचारलं.

मजुरांनी आणखी एक पोतं चढवलं. थोड्याच वेळात पुढचा डावा पाय मोडला आणि खेचर पोत्यांसकट कलंडलं. निकाल उत्तम लागला होता. वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त तग धरला होता त्याने. रविराजने टाळ्या वाजवल्या.

आईने आडव्या पडलेल्या खेचरासमोर ताट ठेवलं, त्याभोवती पाणी फिरवलं आणि हात जोडले. मग सगळ्यांना घरी बोलावून पुरणपोळ्या वाढल्या, रविराजलासुद्धा, हात न आखडता तूप घालून. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला घास गिळायला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी टेम्पो येऊन खेचराला घेऊन गेला. मी ओसरीवर पाय लांब करून बसलो. उभी नोकरी रणगाड्याच्या पोटात अंग मुडपून काढली, त्याचं व्याज गुडघे आणि खांदे अजून वसूल करतात. आईने विचारलं, गुडघा दुखतो का. मी नाही म्हणालो. मी नेहमीच नाही म्हणतो. फौजेत दुखतंय म्हणणाऱ्याला कामचुकार म्हणतात, हे पहिल्याच वर्षी शिकलो होतो.

ती आत गेली आणि कालची उरलेली तूप-हळदीची वाटी घेऊन आली. माझ्या शेजारी बसली.

"वैजू," ती म्हणाली, "तुजाबी आवाज कुनी बंद केला का रं?"

मी पाय तिच्याकडे सरकवला, आणि कुठे कुठे दुखतं ते एकेक करून सांगायला लागलो.