आर्मिरीचा आजचा वारा

आर्मिरी बेटावर तुम्ही पांतेलिसचं घर विचारलंत, तर लोक म्हणतील, कुठला पांतेलिस? मार्कोनीचं घर विचारलंत, तर हात धरून दारापर्यंत आणून सोडतील. सत्तावीस वर्षं तो मालवाहू बोटींवर बिनतारी यंत्रापाशी बसला होता, आणि आमच्या ग्रीक बोटींवर त्या खुर्चीतल्या प्रत्येक माणसाला खलाशी मार्कोनीच म्हणतात. मग उपग्रह आले. नव्व्याण्णव साली कंपनीने कळवलं, की आता टिंबं आणि रेघा ऐकणारा माणूस बोटीवर नको. कप्तान स्वतःच बटण दाबेल. बावन्न वर्षांचा मार्कोनी दोन पेट्या घेऊन धक्क्यावर उतरला.

त्याची बायको मारिगो सत्तावीस वर्षं वाट बघत होती, आणि तो आल्यावर पंधरा दिवसांत कावली. डाळ कुठल्या बरणीत असावी, मांजराने कुठल्या वेळी आत यावं, सगळ्याला हा वेळापत्रक लावायला लागला.

"अरे, ही बोट नाही," ती म्हणाली, "आणि मी तुझा पोर्तुगीज आचारी नाही. काहीतरी काम शोध."

त्याने कॉम्प्युटर आणला. जाडजूड पुस्तक समोर ठेवून त्या हिवाळ्यात तो एक एक आज्ञा शिकला आणि वसंतात आर्मिरीची वेबसाइट उभी राहिली. निळी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, कोपऱ्यात गरगर फिरणारा नांगर. अथेन्सची एक कंपनी तेव्हा हौशी लोकांना फुकट जागा देत असे. तिथे त्याने आपलं पान टाकलं. रोज सकाळी सातला गच्चीवरून बंदराचा एक फोटो आणि खाली तीन ओळी, आधी वाऱ्याची दिशा आणि त्याच्या जोराचा आकडा. 'वारा उत्तरेचा, सहा. पिरिअसची बोट दोन तास उशिरा. कालिओपीच्या गाढविणीला शिंगरू झालं.' तो एक फोटो चढायला नऊ मिनिटं लागत, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला असे. मारिगोची बहीण समोरच्या बेटावरून मग फोनवर ओरडायची, की तुझ्या नवऱ्याचं चित्र चढेपर्यंत माझी बातमी शिळी होते.

बेटावर माणसं सहाशे, बेटाबाहेर सहा हजार. मेलबर्न, न्यूयॉर्क, मॉन्ट्रिऑल, जिथे जिथे बोट गेली तिथे तिथे आर्मिरीचं कुणीतरी उतरून राहिलं होतं. पानाच्या तळाशी मार्कोनीने पाहुण्यांसाठी एक वही ठेवली होती, कुणीही यावं आणि लिहावं. आधी महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग मेलबर्नच्या एका बेकरीवाल्याने विचारलं, माझी आजी ईस्टरला हरभऱ्याच्या आंबवणाचा पाव करायची, त्यात बडीशेप असायची की तमालपत्र? बेटावरच्या एका विधवेने उत्तर दिलं, तमालपत्र. त्यावर अकरा बायका तुटून पडल्या. मॉन्ट्रिऑलहून एकाने लिहिलं, माझे वडील मी दोन वर्षांचा असताना बुडाले, ते कसे हसायचे हे कुणाला आठवतं का? चार म्हाताऱ्या खलाशांनी चार निरनिराळी हसणी लिहून पाठवली. विहिरीवरून वीस वर्षं अबोला धरलेल्या दोन जावा त्या वहीत पुन्हा बोलायला लागल्या, म्हणजे भांडायलाच. मार्कोनीने तेही पुसलं नाही.

"आलेला शब्द नोंदवहीत उतरवायचाच असतो," तो म्हणायचा. "आवडला नाही म्हणून खोडता येत नाही."

ती दहा-बारा वर्षं त्याच्या आयुष्यातली सर्वांत भरलेली. उन्हाळ्यात परदेशातून आलेली माणसं बोटीवरून उतरली की आधी त्याच्या गच्चीकडे बघून हात हलवायची. अनोळखी बाई रस्त्यात थांबवून म्हणायची, "तुमच्या गाढविणीचं शिंगरू कसंय?"

मग देस्पिनाचा ग्रुप आला. देस्पिना मारिगोच्या भावाची मुलगी, पाहुण्यांना भाड्याने खोल्या देणारी, उत्साही. एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "काका, चिडू नका हं. मी फेसबुकवर आर्मिरीचा ग्रुप काढलाय. तुमचं पान आहेच. पण हे कसं, चालता बोलता. फोन खिशात, बेट खिशात."

"चिडायचं काय त्यात?" मार्कोनी म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने माशाचे काटेही नीट काढले नाहीत.

वर्षभरात त्या ग्रुपात चार हजार माणसं झाली. वहीत लिहिणारे एक एक करून कमी झाले. भांडण करून कुणी गेलं नाही. जत्रेतून माणसं पांगतात तसे पांगले. पानावरचा भेटींचा आकडा, जो एके काळी दिवसाला चारशेने पळायचा, तो तीसवर आला, मग नऊवर. वहीत आता केस उगवण्याची औषधं आणि जुगाराची आमंत्रणं येऊ लागली. रोज सकाळी कबुतरांची घाण धुवावी तसा मार्कोनी ती पुसायचा. ही मात्र तो पुसायचा.

कॉफीवाला सारांदिस त्याला चिडवायचा, "काय मार्कोनी, तुझ्या पानावर आज कोण वारलं?"

"कुणी नाही."

"बघ! आमच्या ग्रुपात सकाळपासून दोन. फोटोसकट."

एकदा न्याहारीला मारिगो सहज म्हणाली, "पापा-लेफ्तेरिस गेले बिचारे."

पापा-लेफ्तेरिस म्हणजे बेटाचे निवृत्त पाद्री. मार्कोनीने पेला खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं? घंटा तर अजून वाजली नाही."

मारिगो काही बोलायच्या आत तिच्या एप्रनच्या खिशात टिंग झालं.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"तीन वर्षं," मारिगो म्हणाली. "अरे, माझी बहीण त्या ग्रुपात आहे, भाचरं तिथे आहेत. मी काय तुझ्या वहीत लिहू, की डाळ शिजत घातलीय म्हणून?"

तो रागावला नाही. गच्चीत जाऊन त्याने रोजचा फोटो काढला. त्या दिवशीच्या तीन ओळींत पाद्रीबाबांची बातमी होती, पण ती वाचून हळहळायला कुणी उरलं नव्हतं.

दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत अथेन्सच्या कंपनीचं पत्र आलं. फुकट पानं आता कुणी वापरत नसल्याने एकतीस मार्चला ती सगळी बंद होतील. ज्याला जे जपायचं ते त्याने उतरवून घ्यावं. देस्पिना धावत आली. दुसरीकडे जागा बघू म्हणाली, मी करून देते म्हणाली. मार्कोनीने मान हलवली.

"नको पोरी. एकदा खुर्चीवरून उठवलं तेव्हा मी वाद घातला नव्हता. या खेपेलाही नाही घालणार."

पाहुण्यांची वही तेवढी त्याने उतरवून घेतली, एकोणीस वर्षांची, जावांच्या भांडणासकट. मग पानावर निरोप लिहिला. बोटीवरून किनाऱ्याला शेवटचा संदेश देताना लिहीत तसा, कोरडा: 'हे केंद्र ३१ मार्चला बंद होत आहे. ऐकणाऱ्यांचे आभार.' ऐकणारं कुणी आहे असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. दिवसाचे ते नऊ जण म्हणजे जुगारवालेच असणार.

चौथ्या दिवशी ईमेलने पत्र आलं, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून. कोरिना नावाच्या बाईने तोडक्यामोडक्या ग्रीकमध्ये लिहिलं होतं.

'माझी आई झाम्बेता तुमच्या बेटाची. एकोणीस वर्षांची असताना लग्न करून इकडे आली, आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला आता दिसत नाही. चौदा वर्षं मी रोज कामावर जाण्याआधी तुमच्या तीन ओळी तिला वाचून दाखवते. तिला बाकीचं नको असतं, आधी वारा हवा असतो. उत्तरेचा सहा म्हटलं की ती सांगते, आता होड्या चर्चच्या बाजूला ओढल्या असतील. दक्षिणेचा म्हटलं की म्हणते, आज सगळ्यांची डोकी दुखतील, कुणी कुणाशी बोलू नये. परवा तुमचा निरोप वाचला तेव्हापासून ती नीट जेवत नाही. मी म्हटलं, लिही ना त्यांना. तर म्हणते, सोडून गेलेल्या माणसाने काय तोंडाने मागायचं? म्हणून तिला न सांगता मीच लिहिते आहे.'

मार्कोनीने पत्र दोनदा वाचलं आणि मारिगोला हाक मारली. तिने डोळे बारीक करून वाचलं, मग पदर नव्हता म्हणून एप्रनने डोळे पुसले.

"चौदा वर्षं," ती म्हणाली. "आणि एक अक्षर लिहिलं नाही बयेने!"

"असे असतात," मार्कोनी म्हणाला. "समुद्रातही असायचे. मी हवामान पाठवायचो तेव्हा दोन बोटी उत्तर द्यायच्या. ऐकत वीस असायच्या."

त्याच संध्याकाळी तो आपणहून देस्पिनाकडे गेला आणि म्हणाला, मला घे तुझ्या ग्रुपात. त्याला वाटलं, डर्बनच्या बाईंनाही तिथेच बोलावू, म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी त्याने तिथे फोटो आणि तीन ओळी टाकल्या. काय कौतुक झालं! दोनशे अंगठे, पन्नास हृदयं, 'मार्कोनी आला रे' म्हणून मेलबर्नपासून आरोळ्या. म्हातारा दिवसभर फुलून होता. पण दुपारपर्यंत त्याच्या वाऱ्यावर कुणी होडीचं इंजिन विकायला काढलं, कुणी नगराध्यक्षाला शिव्या घातल्या, कुणाच्या नातवाचा वाढदिवस झाला. आठवड्याने त्याने स्वतःची मंगळवारची ओळ शोधायला घेतली, ती काही केल्या सापडेना.

"काका, मंगळवारचा वारा कशाला हवाय?" देस्पिनाने विचारलं.

तिला चिडवायचं नव्हतं, खरंच कळत नव्हतं.

कोरिनाने कळवलं, त्या ग्रुपात यायला आमची हरकत नाही, पण तिथे आईची ओळ शोधायला मला अर्धा तास लागतो आणि माझी बस चुकते. मग मार्कोनीने साधीच गोष्ट केली. एक एप्रिलला सकाळी सातला त्याने पान उघडून बघितलं. नांगर गेला होता, पांढऱ्या पडद्यावर 'पत्ता सापडत नाही' एवढंच. तो गच्चीत गेला, फोटो काढला, खाली येऊन तीन ओळी लिहिल्या आणि थेट डर्बनला ईमेल करून टाकल्या. एकाच पत्त्यावर. नंतर वडिलांचं हसणं विचारणाऱ्या मॉन्ट्रिऑलच्या त्या माणसाने मागितलं, त्यालाही. असे सात जण झाले. मारिगो म्हणायची, सहा हजारांचे सात झाले तरी तुझी ऐट तीच.

झाम्बेता आता उलट निरोप धाडायला लागली होती. जूनमध्ये तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं. आमच्या घराच्या मागे, हौदाशेजारी अंजिराचं झाड होतं. ते आहे का?

मार्कोनीला ठाऊक होतं ते आहे की नाही, तरी तो चालत तिथे गेला. घर केव्हाच विकलं गेलं होतं. हौदाच्या जागी देस्पिनाच्या दोन खोल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, निळ्या दारांच्या, बाहेर जर्मन पाहुण्यांचे टॉवेल वाळत होते. मुळाचा तुकडादेखील नव्हता.

"आहे म्हणून लिही," मारिगो म्हणाली. "आंधळ्या म्हातारीला काय करायचंय खरं? जीव शांत राहील तिचा."

तो टेबलाशी बसला. सत्तावीस वर्षांत त्याने एकही खोटा संदेश पाठवला नव्हता; आणि तरी त्या दिवशी 'झाड आहे' एवढी ओळ त्याने लिहून पाहिली. वाचली. मग खोडली आणि लिहिलं: 'झाड नाही. हौदही नाही. तिथे मारिगोच्या भाचीने खोल्या बांधल्या आहेत. मी स्वतः जाऊन पाहिलं. वाईट वाटतं.'

दोन दिवस डर्बनहून काही आलं नाही. मारिगो त्याच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कोरिनाचं पत्र आलं.

'आई म्हणते, बरं झालं. त्याची अंजिरं जन्मात कधी पिकली नाहीत, वाऱ्यानेच गळायची. सगळ्या आळीत तेवढं एकच झाड कडू होतं. पण ते तिच्या वडिलांनी लावलं होतं, म्हणून घरातल्या सगळ्यांनी गोड म्हणून खायची. एवढ्या वर्षांत हे तिने कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. काल रात्री ती एकटीच हसत होती. विचारते आहे, भाचीच्या खोल्यांना खिडकी कुठल्या बाजूला आहे?'

मारिगोने पत्र वाचलं, आणि मग तीही हसायला लागली.

"अरे, खरंच कडू होती!" ती म्हणाली. "आम्ही चोरायला जायचो आणि थुंकून परत यायचो. लिही तिला, मारिगो म्हणते म्हणून लिही. आणि खिडकी समुद्राकडे आहे, तेही सांग. थांब, आहे का? मी बघून येते."

आणि ती चपला घालून निघालीसुद्धा.