मोकळा हात

विष्णुपंत मास्तर आम्हाला रसायनशास्त्र शिकवायला आमचेच हात वापरायचे, कारण लढाईच्या त्या वर्षांत प्रयोगशाळेत दुसरं काही उरलं नव्हतं. नगरच्या आमच्या शाळेत बाटल्या होत्या, त्यांवर लेबलं होती, आत नुसता वास होता. मग दर गुरुवारी मास्तर मॅट्रिकचा वर्ग घेऊन मागच्या पटांगणात जायचे आणि मुलांना मूलद्रव्यं करायचे.

हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, कार्बनला चार. हायड्रोजन झालेल्याने आपला एक हात पाठीमागे घ्यायचा. चार हातांचा मुलगा कुठून आणणार, म्हणून कार्बनसाठी दोघं पाठीला पाठ लावून उभे राहायचे. ज्याला जितके हात तितके दुसऱ्यांनी धरायचे, आणि सगळे धरले गेले की पदार्थ तयार.

वर्गात मुली दोनच, मी आणि विजयमाला. मुलांचे हात धरायचा प्रश्नच नव्हता. मास्तरांनी आम्हाला व्हरांड्याच्या पायरीवर बसवून काम नेमून दिलं होतं. मास्तरांनी विचारलं की कुणाचा हात मोकळा राहिलाय ते ओरडून सांगायचं. लोकांच्या चुका काढायला मला शिकवावं लागत नाही, असं माझी आई म्हणायची. ते काम मी मन लावून केलं.

गहिनीनाथ मिरजगावचा, बोर्डिंगात राहणारा. त्याचा डावा हात कोपरापासून खाली नव्हता. लहानपणी आईबापांबरोबर कोपरगावकडे गुऱ्हाळावर गेला होता, तिथे ऊस पिळायच्या चरकात तो हात सापडला. सदऱ्याच्या डाव्या बाहीला तो टोकाशी गाठ मारून ठेवायचा. खेळात त्याला हात पाठीमागे घ्यावा लागत नसे, म्हणून तो कायमचा हायड्रोजन. कुणी दुष्टपणाने केलं नव्हतं. सोयीचं होतं, एवढंच.

मुलगा मात्र गुणी. गावाकडे पोथी ऐकून ऐकून त्याच्या कानात ओवी बसली होती, आणि वायू तयार करायच्या सगळ्या कृती त्याने ओव्यांत बांधल्या होत्या. शाळा भरण्याआधी आम्ही त्या पायरीसमोरच्या लिंबाखाली जमायचो आणि तो गळा मोकळा सोडून म्हणायचा,

पोटॅश क्लोरेट घ्यावे ।
मँगनीज डायऑक्साइड मिळवावे ।
नळीत घालोनि तापवावे ।
प्राणवायू निघे ॥

सगळा वर्ग त्यावर तरला. सुमंत तर प्रिलिमच्या पेपरात भरात येऊन 'घालोनि' असंच लिहून आला. मास्तरांनी शेरा मारला, 'उत्तर बरोबर, आरती घरी करावी.'

त्याच प्रिलिममध्ये गहिनीनाथ एका रसायनशास्त्रात नापास झाला.

मास्तरांनी त्याचा पेपर सर्वांसमोर उघडला. कृती एकूण एक बरोबर होत्या. पण पाण्याचं सूत्र लिहिताना हायड्रोजन एक आणि ऑक्सिजन एक. कॅल्शियम क्लोराइडमध्ये क्लोरीन एकच. कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजन एकच.

"अरे, हा विषारी वायू कुणी सोडावॉटरमध्ये भरला तर अख्खं नगर आडवं होईल," मास्तर म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी आवाज खाली आणला. "सगळ्यांना एकेकच हात दिलास रे. शनिवारी पुन्हा पेपर घेतो. त्यातही असंच लिहिलंस, तर मॅट्रिकला तुझं नाव पाठवता येणार नाही."

नाव गेलं नाही, तर त्याचा थोरला भाऊ आसाराम त्याला गावी घेऊन जाणार होता. आणि गावी त्याला काही करण्यासारखं नव्हतं. तो स्वतःच म्हणाला, "आई म्हनली हुती, रानात दोन हात लागत्यात, शाळंत एकावर भागंल. म्हनून तर हितं घातलं. आता हितंबी दोन लागाया लागले." हे तो हसत म्हणाला, आणि मला त्याच्या हसण्याचाच राग आला. इतका शहाणा मुलगा मॅट्रिक होऊन मास्तर व्हायचा, तो एका आकड्यापायी उंबऱ्यावर बसून दिवस काढणार.

मग सुमंतने त्याची शिकवणी घेतली. सुमंत वकिलाचा मुलगा, बोलायला फर्डा. तीन सकाळी त्याने पाढ्यांसारखं घोकून घेतलं. ऑक्सिजन दोन, कॅल्शियम दोन, कार्बन चार. गहिनीनाथ घडाघडा म्हणायचा, आणि पाटीवर सूत्र लिहायला लागला की परत एकास एक. शुक्रवारी सुमंतचा धीर सुटला. "समोर दिसतंय, दर गुरुवारी खेळतोस, तरी कसं रे येत नाही तुला?"

गहिनीनाथने पाटी खाली ठेवली. "तुमाला दिसतं. म्या नुसता कडंला हुबा असतो. माझा एक हात कुनीतरी धरला की माझं काम झालं. त्याच्या पल्याड कोन कुनाला धरतंय, ते मला कधी घावलंच न्हाई. म्या दुसरं काय कधी झालोच न्हाई ना."

वर्षभर मी त्या पायरीवर बसून मोकळे हात मोजत होते, आणि त्याच्याकडे बघून मला काही मोजावंसं वाटलं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की मी रागावूनच बोलले. "मग करा की त्याला ऑक्सिजन. वाट कसली बघताय?"

सुमंतने पुढे होऊन त्याचा उजवा हात धरला. दुसऱ्या बाजूला कानिफनाथ होता, पाथर्डीकडचा, अंगाने दांडगा. तो बाहीजवळ गेला आणि थबकला. "दुखंल का रं?" एवढंच त्याने विचारलं.

"बाही हाय ती. बाहीला काय दुखतंय?" गहिनीनाथ म्हणाला. पण कानिफनाथचा हात पुढे होईना. तेव्हा गहिनीनाथने सुमंतच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, एका हाताने आणि दातांनी बाहीची गाठ सोडली, आणि पुन्हा सुमंतचा हात धरून तसाच उभा राहिला. ती बाही वाऱ्यावर हलत राहिली.

मी पायरीवरून उठले. विजयमालाने माझा पदर ओढला. "प्रेमला, कुणी पाहिलं तर?"

"मी हात कुठं धरतेय? बाही धरतेय," मी म्हणाले, आणि टोकाला घट्ट धरली. धुवून धुवून विरलेलं मांजरपाट होतं ते. मी जरा ओढ दिली. तो अंगभर सरळ झाला. एकदा सुमंतकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तुमी दोघं," तो हळू म्हणाला, "आन् म्या एकटा. पानी झालं की हे."

मी बाही सोडली नाही. डोळे पुसायचे होते, तेही तसेच राहू दिले.

मग त्याला चेवच चढला. कार्बन व्हायचं म्हणून त्याने जमिनीवर बसकण मारली आणि दोन्ही पाय वर केले. "हात, बाही, दोन पाय. मोजा. चार." सुमंत ऑक्सिजन झाला, त्याने एका हाताने हात आणि दुसऱ्याने बाही धरली. कानिफनाथ दुसरा ऑक्सिजन झाला, त्याने दोन्ही पाय धरले. तसाच त्याला त्यांनी उचलला, आणि तो वरून ओरडत होता, "सोडावॉटर, सोडावॉटर!" घंटा झाली तरी आमचं हसू थांबेना.

शनिवारी तो एकटाच वर्गात बसला. आम्ही व्हरांड्यात उभे, आणि मी खिडकीशी. बाहीची गाठ त्याने आज मारलीच नव्हती. मधेच तो अडला. टाक खाली ठेवला, उजव्या हाताने बाहीचं टोक धरून हलकेच ओढलं, तसाच क्षणभर बसला, आणि मग लिहू लागला. मला कळलं की त्याला आता येतंय.

मास्तरांनी पेपर तिथेच तपासला. बाहेर येऊन म्हणाले, "नाव पाठवतो त्याचं. आणि ओव्या कमी करा रे." इतकंच.

पुढच्या गुरुवारी पटांगणात मास्तरांनी सवयीने विचारलं, "पाणी करू या. हायड्रोजन कोण?" आणि सवयीनेच गहिनीनाथकडे बघितलं.

"मला ऑक्सिजन करा, सर," तो म्हणाला.

मास्तरांनी त्याला मधे बोलावलं. सुमंतने हात धरला. कानिफनाथने न थबकता बाही धरली. मास्तरांनी त्या तिघांवरून नजर फिरवली आणि ते पायरीकडे वळले. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"प्रेमला, कुणाचा हात मोकळा राहिलाय?"

मी उभी राहिले. नीट बघितलं, एकेक मोजला.

"कुणाचाच नाही, सर."