हात बदलला ती जागा

"लाँच लागली की नाही अजून?" आत्याबाईंनी, म्हणजे सासूने, स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा विचारले.

"येतील हो माझे बाबा," असे म्हणत रोतुआने सहा आठवड्यांच्या ओमासच्या नाकाजवळ गाल नेला. श्वास चालू होता. पोर आठव्या महिन्यातच जन्मली, तेव्हापासून सासू काय बोलते याहून हा श्वास ऐकण्याकडेच तिचे लक्ष जास्त.

दहाला चर्चमध्ये बाप्तिस्मा. त्याआधी आजोळचे उलोस बाळाभोवती यायला हवे. तोबा सरोवराकाठी मोठा मान सुनेच्या माहेरचा. हे आशीर्वादाचे कापड तिकडूनच येते, इकडून तिकडे कधीच जात नाही.

आणि रोतुआने नेमके उलटे केले होते. आई मार्चमध्ये गेली. "पहिल्या नातवंडाचं उलोस मीच विणणार," हा तिचा शब्द तिच्याबरोबरच गेला, असे रोतुआने धरले. मागे राहिलेले बाबा लाँचची इंजिने दुरुस्त करणारे. कापडातले त्यांना हात पुसण्यापुरतेच कळे. फोनवर विचारले तर "बघतो" एवढेच. शेवटी तिने बाजारातून एक बरेसे उलोस घेतले, वर्तमानपत्रात बांधले आणि लाँचवाल्याच्या हाती पाठवले. वर चिठ्ठी: बाबा, हेच आणा, कुणाला कळणार नाही. नवऱ्यालाही तिने पत्ता लागू दिला नव्हता.

रोतुआचे वडील हिसारबाबा आले ते एका हातात माशाचे पातेले आणि काखेत तांदळाचे जुने, धुतलेले पोते घेऊन.

"विहीणबाई, मासा मीच रांधलाय. खारट झाला असेल तर भात वाढवून घ्या."

"खारट चालेल. उशिराचं काय करू?"

"इंजिन बंद पडलं मधेच. नशीब लाँचवाल्याचं, उतारूंत मेकॅनिक होता."

रोतुआने त्यांना आतल्या खोलीत ओढले. बाबांनी पोत्यातून वर्तमानपत्राचे पुडके काढून तिच्यापुढे ठेवले. सुतळी तशीच.

"सोडलंसुद्धा नाहीत?"

"चिठ्ठी वाचली, पुरे झालं."

"मग आता काय देणार? बाहेर सगळे वाट बघतायत."

"देवानं अब्राहामाला ताऱ्यांइतकी संतती द्यायचं वचन दिलं. त्यानं आधी ते तारे देवाकडे पाठवले होते का गं? की हे घ्या, आणि वचन म्हणून मलाच परत द्या?"

"मी घाबरले होते, बाबा."

"तोही घाबरला होता की. उगीच का देव त्याला म्हणाला, भिऊ नको?" ते खाली बसले. "कॉलेजात शिकलीस, त्यामुळं वाटतं सगळं आपणच जमवायचं. घेणाऱ्यानं घ्यावं नुसतं. हे कपाटात ठेव. ओमासला मूल झालं की तू देणारी होशील, तेव्हा काढ."

बाहेर सगळे उभे राहिले. बाबांनी पोत्यातून दुसरे कापड काढले. गडद निळे, काठाला गोंडे. रोतुआच्या खांद्यावरून घेऊन त्यांनी ते ओमासभोवती गुंडाळले.

"हे हिच्या आजीचं, तिउर्माचं आहे," ते म्हणाले. आवाज इंजिनापाशी बोलावा तसा मोठा, सरळ. "ती गेली तेव्हा मागावर निम्मं झालं होतं. उरलेलं शेजारच्या लामरियानं पुरं केलं. शब्द तिचा, मी नुसता पोचवणारा. ज्या देवानं तिला सांभाळलं तो हिलाही सांभाळील, आणि हिच्या मागून येणाऱ्यांनाही. त्यानं तसं सांगून ठेवलंय. आपण मागायच्या कितीतरी आधी."

 आत्याबाई पुढे झाल्या, कापडावरून हात फिरवू लागल्या आणि मधोमध थांबल्या. तिथवर वीण घट्ट होती, पुढे किंचित सैल. हा माग कमरेला बांधून विणायचे. प्रत्येक बाईच्या कमरेचा ताण वेगळा. जिथे हात बदलला तिथे आडवी रेघ उमटली होती.

"ती बाजू आत घे हो," मागून जाऊबाई कुजबुजल्या. "फोटोत खोट दिसेल."

"खोट नाही ती," आत्याबाई म्हणाल्या.

रोतुआने कापड सोडले आणि ओमासला त्यात आपल्या पाठीशी बांधले. रेघ ओमासच्या पाठीवर, बाहेरून, सगळ्यांना दिसेल अशी घेतली.

चर्चची पहिली घंटा झाली. चढावर सगळे पुढे निघून गेले. बाबा मुद्दाम तिच्या एक पाऊल मागे चालत होते. ते ना रस्ता बघत होते ना सरोवर. तिउर्माचा हात जिथे थांबला होता, तेवढीच जागा बघत होते.