रुमाल टाकून धरलेली जागा

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे. लाकडाची नाही बरं का. मोबाइलवरच्या एका ऑनलाइन खेळातल्या नदीत मी असते. आजवर मला पाण्याचा एक थेंबही लागलेला नाही, तरी मी हजारो माणसे पलीकडे नेली आहेत. तेव्हा हसू नका.

मधुवंती नावाच्या मुलीने मला घडवले. नदीच्या अलीकडे गाव, पलीकडे लढाईचे रान. नदी ओलांडायला तिने मला मुद्दाम चार मिनिटे दिली आणि नावेत कुणाला हत्यार चालवता येणार नाही असे केले. हात रिकामे राहिले की माणसे बोलतात, असे तिचे म्हणणे होते. ते खरे निघाले. रानात एकमेकांवर तुटून पडणारे खेळाडू माझ्यात बसले, की तुम्ही कुठल्या गावचे, जेवण झाले का, असे विचारू लागत.

माझ्या प्रवाशांत परभणीकडच्या पालम गावचे चंद्रभान होते. एसटीचे चालक. त्यांची मुलगी प्रियांका पुण्याला शिकायला गेली होती. फोनवर दोघांचे बोलणे अर्ध्या मिनिटात आटपायचे. जेवलीस का, हो, ठेवू का, बस्स. म्हणून तिनेच त्यांना हा खेळ शिकवला. पहिल्या दिवशी काठावरची गर्दी पाहून त्यांनी सवयीने खेळातला आपला रुमाल माझ्या बाकावर टाकला, मुलीसाठी जागा धरायला. पण खेळात टाकलेली वस्तू ज्याला सापडेल त्याची. कुणीतरी रुमाल उचलून चालता झाला. चंद्रभान नाराज झाले आणि प्रियांकाची हसून हसून पुरेवाट झाली. पुढे ही गोष्ट सगळ्यांना कळली आणि त्यांनी टाकलेल्या नव्या रुमालाला कुणी हात लावीनासे झाले. रोज संध्याकाळी बाप-लेक शेजारी बसत. ते रस्त्यातले खड्डे सांगत, ती मेसमधली पाणचट आमटी.

एकदा उतरता उतरता प्रियांका म्हणाली, एक सांगायचे आहे, उद्या सांगते.

दुसऱ्याच दिवशी खेळ बदलला. लोकांचा वेळ वाया जातो म्हणून खेळाच्या मालकांनी काठावर एक बटण आणले. दाबले की क्षणात पलीकडे. मला शोभेपुरते खुंट्याला बांधून ठेवले. चार दिवस दोघेही बटण दाबून गेले. पलीकडे नुसती धावपळ आणि गोळीबार, तिथे कोण कुणाचे ऐकणार? प्रियांकाचे सांगणे राहूनच गेले. ती दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. माझा जीव तुटत होता, पण बांधलेली नाव काय करणार?

पाचव्या दिवशी चंद्रभान बटणाकडे गेलेच नाहीत. ते माझ्यात येऊन बसले आणि शेजारी रुमाल टाकला. प्रियांका आली, बसली. मी जागची हलत नव्हते.

मग ती हळूच म्हणाली, "बाबा, मी दोन विषयात नापास झाले. लय एकटं वाटायलंय इथं."

चंद्रभान म्हणाले, "एवढंच व्हय? शनिवारी घरी ये. मंग बघू आपण. तुझी जागा धरलेली हाय."

मित्रांनो, खेळ हवे तेवढे वेगाने खेळा. पण उद्या तुमच्यापैकी कुणी खेळ तयार केलाच, तर त्यात एक संथ नाव जरूर ठेवा, आणि तिचा वेळ वाचवू नका.

त्या शनिवारी संध्याकाळी दोघेही आले नाहीत. रुमाल बाकावर तसाच होता. कुणी आले नाही म्हणून मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.