व्हर्लीनचं नवं जुनं पिस्तूल

व्हर्लीन टकेटनं नेमबाजी सोडली, तेव्हा आमच्या क्लबात कुणाचाच विश्वास बसेना. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही बाई दर रविवारी लोखंडी थाळ्या टणाटण पाडायची आणि पुरुषांना नावं ठेवत घरी जायची. पण तिच्या अंगठ्यांत संधिवात शिरला. पिस्तुलाचा वरचा भाग, ज्याला आम्ही स्लाइड म्हणतो, तो मागे ओढल्याशिवाय पहिलं काडतूस नळीत जात नाही, आणि तेवढा जोर तिच्या हातात उरला नव्हता. थोडे दिवस तिचा नवरा ऑरिन स्लाइड ओढून द्यायचा. मग एका रविवारी तिनं पिस्तूल पेटीत घातलं.

"लोणच्याची बरणी उघडून देतोस तेवढं पुरे," ती त्याला म्हणाली. "ह्यात तुझा हात नको."

अख्खा हिवाळा ती घरात चिडचिड करत बसली. मी त्यांचा शेजारी, त्यामुळे भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. बर्फ वितळल्यावर जत्रेच्या मैदानावरच्या शेडमध्ये बंदुकांचा बाजार भरला, तेव्हा ऑरिननं तिला जवळजवळ ढकलतच माझ्या गाडीत बसवलं.

अमेरिकेतल्या आमच्या मॉन्टाना राज्यातल्या या बाजारात नाही नाही ते मिळतं. व्हर्लीन टेबलामागून टेबल पालथं घालत होती. पिस्तूल उचलायची, स्लाइड ओढून बघायची, तोंड वाकडं करून परत ठेवायची.

"रिव्हॉल्व्हर घे की," ऑरिन म्हणाला. "त्याला ओढाओढ नाही."

"दर गोळीला तो जड चाप दाबून बोट सुजतं माझं. तू घे, तुला काय, तसंही तुझी गोळी कशाला लागत नाही."

शेवटच्या रांगेत रॉयस ॲम्सलरचं टेबल होतं. चाळिशीचा, लालबुंद दाढीचा, गप्पिष्ट माणूस. टेबलाच्या कोपऱ्यात एक काळं, आटोपशीर पिस्तूल पडलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'जुनं इटालियन. बिघडलेलं.'

"बघू का रे?"

"बघा की काकू. पण आधीच सांगतो, त्यात एक भाग नाहीये."

बाजाराच्या नियमानं चापाला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी त्यानं कापून दिली. व्हर्लीननं नळीचं तोंड जमिनीकडे धरलं, मुठीतलं काडतुसांचं मॅगझिन काढलं आणि आत काडतूस नाही ना हे बघायला सवयीनं स्लाइड ओढली. ती हलली नाही. चिडून तिनं पकड बदलली, तर चापाच्या वरच्या बाजूला एक खटका तिच्या बोटाला लागला. खट्! नळीचा मागचा भाग डबीच्या झाकणासारखा वर उघडला.

व्हर्लीन अशी किंचाळली की शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या हातातली कॉफी सांडली.

"ऑरिन! अरे, उघडतंय हे! नळीच उघडतेय! काडतूस वरून ठेवायचं आणि बंद करायचं, झालं! काही ओढायला नको!"

"हळू बोल," ऑरिन कुजबुजला. "अशी नाचलीस तर तो भाव चढवेल."

"चढवू दे मेल्याला!"

पण ऑरिन जन्माचा सावध. "लग्नाआधी मुलगी नीट बघायची असते," तो म्हणाला.

"तू कुठं बघितलं होतंस?"

"म्हणून तर सांगतोय."

मग दोघांनी ते पिस्तूल अक्षरशः पिंजून काढलं. बाजूवर कोरलेलं नाव वाचलं : बेरेटा, मॉडेल ८६. ऑरिननं नळीमागे पांढरा कागद धरून त्यावर विजेरीचा झोत टाकला आणि पुढून डोळा लावला. नळीतल्या पिळाच्या खाचा धारदार होत्या, खड्डे नव्हते, नुसती धूळ. टोकाजवळचा काळा रंग घासला होता. "म्यानात राहून राहून झिजलंय," तो म्हणाला. "वागवलंय खूप, झाडलंय कमी." रॉयसला विचारून त्यांनी मुठीच्या लाकडी पट्ट्या काढल्या. खाली गंजाचे दोन ठिपके होते, तेलाच्या बोळ्यानं निघतील असे. स्लाइड डावीउजवीकडे हलवून पाहिली, फार खुळखुळली नाही. मॅगझिनची स्प्रिंग मात्र मऊ पडली होती.

"आता बिघाड सांग," ऑरिन म्हणाला.

"काडतुसाची रिकामी पुंगळी नळीतून ओढून काढणारी आकडी असते ना, ती नाहीये," रॉयस म्हणाला. "कुणीतरी हरवली. मी ते असंच घेतलं होतं, नीट बघितलंसुद्धा नाही."

व्हर्लीनचा चेहरा पडला. तिनं पिस्तूल खिडकीजवळ नेलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाकाला लागेल इतकं जवळ धरून बराच वेळ पाहत राहिली. मग मला हाक मारली. "तू बघ रे. इथं आकडी बसायला खाच दिसते का तुला? खिळ्याचं भोक?"

मला काहीच दिसलं नाही. पोलाद सलग होतं.

"मग हरवलं काय?" ती ओरडली. "जिथं बसायला जागाच नाही, तिथं ती होती कधी? गोळीच्या धक्क्यानं पुंगळी आपसूक बाहेर पडत असेल. आणि अडकली तर नळी उघडून बोटानं काढायची. हे बनवलंयच असं!"

ऑरिननं डोक्याला हात लावला. "अगं, पैसे देऊन झाल्यावर तरी बोलायचंस!"

रॉयस पोट धरून हसायला लागला. "काकू, आता भाव वाढला बरं का. पण आधी खरंच चालतं का ते बघू. उद्या तुमच्या क्लबात येतो."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला, वर नवी स्प्रिंगही घेऊन आला. व्हर्लीननं भरलेलं मॅगझिन बसवलं, नळी उघडली, काडतूस ठेवलं, बंद केली. चाप हलका लागावा म्हणून दोन्ही हातांनी पिस्तुलाच्या पाठीचा घोडा मागे घेतला. धाड! पुंगळी उडून थेट ऑरिनच्या टोपीवर पडली आणि समोरची थाळी आडवी झाली. मग दुसरी, तिसरी. एक हुकली, तेव्हा तिनं पिस्तुलाला सोडून वाऱ्याला शिव्या दिल्या. मॅगझिन संपलं, तशी तिनं पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि रॉयसला मिठी मारली. तो बिचारा अवघडून गेला.

तिचं जुनं पिस्तूल आणि वर थोडे पैसे, असा सौदा ठरला. जुनं देताना तिनं त्याच्या मुठीवरून एकदा हात फिरवला. मग घेणाऱ्याच्या नावावर गुन्हा नाही ना, हे बघणाऱ्या सरकारी तपासणीचा फोन झाला आणि नवं तिचं झालं.

जुलैतल्या सामन्यात ती चौथी आली. पहिल्या आलेल्याला कुणी विचारलं नाही. क्लबातल्या सगळ्या दुखऱ्या हातांच्या म्हाताऱ्या व्हर्लीनभोवती जमल्या होत्या आणि ती एकेकीला नळी उघडून दाखवत होती. ऑरिन बाजूला मक्याची कणसं भाजत होता.

"चौथी आलीस, आणि मिरवतेस केवढी!" तो म्हणाला.

"तू कितवा आलास?"

ऑरिननं कणीस उलटलं. "लोणी लावू का तुझ्या कणसाला?"

"भरपूर लाव," व्हर्लीन म्हणाली आणि पुढच्या म्हातारीकडे वळली.