भात्याचे ठिपके

शेवटी भात्याला नात मांडीवर मिळाली आणि ती त्याच्या अंगावर ओकली. आता हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. कारण या घडीला नात खोलीच्या काचेच्या दारापलीकडे आहे आणि भाता अलीकडे उभा राहून काचेला नाक लावतोय.

"बाबा, नाक काढा. डाग पडतात," आतून लेक म्हणाली.

भाता काचेच्या कारखान्यात फुंकणीवर होता. छाती अशी, की एका दमात बरणी फुगवायचा. म्हणून हे नाव. पण मोठी बरणी एकट्याच्या दमाची नसते. एकाचा श्वास संपत आला की फुंकणी दुसऱ्याच्या तोंडात, मग तिसऱ्याच्या. मध्ये पुसत बसलं तर काच थंड होऊन रुसते. दीड महिन्यापूर्वी भात्याचा घसा सुजला, गिळताना सुया टोचायला लागल्या, तेव्हाही फुंकणी फिरतच होती. मुकादमाने आपुलकीने विचारलं, "घसा कसाय?" आणि भात्याच्याच हातातली फुंकणी घेऊन तोंडाला लावली.

घसा आठवड्यात सुटला. पंधरा दिवसांनी पोटावर, पाठीवर, दंडांवर लाल ठिपके उमटले, वर पांढुरका कोंडा. कोणीतरी रंगाचा ब्रश झटकावा तसे.

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. भात्याचा पेला वेगळा झाला, रुमाल उकळला गेला. खुर्चीही उकळायचं ठरलं होतं, पण ती पातेल्यात मावेना.

"भातेराव, राग मानू नका. काळजीपोटी करतोय."

"मान्य. पण इतक्या लांबून करताय, की पोचायला वेळ लागतोय."

फुंकणी उकळायचं मात्र कोणाला सुचलं नाही. ओठावर ठिपका कुठे होता?

ठिपके उमटल्याच्या तिसऱ्या दिवशी नात जन्मली. लेक बाळंतपणाला माहेरीच होती, त्यामुळे भाता आपल्याच घरात पाहुणा झाला. बायकोने पाच साबण बदलले. संध्याकाळी तो उशी मांडीवर घेऊन सराव करायचा.

"अहो, मान सांभाळा," बायको दारातून सांगायची.

उशीला मान नसते, हा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही.

अखेर बायकोने त्याला कातडीच्या डॉक्टरणीकडे पाठवलं. तिने ठिपके पाहिले आणि विचारलं, "मध्यंतरी घसा दुखला होता?"

"डॉक्टरबाई, मी पोट दाखवतोय."

"पोटाला घशानेच कामाला लावलंय. घशात जंतू शिरले, त्यांच्याशी लढायला शरीराने फौज काढली. काहींच्या बाबतीत ही फौज आपल्याच कातडीवर उलटते. हे ठिपके कोणाला लागत नाहीत. लागतो तो घसा. तो दुखत होता तेव्हा जवळ कोण होतं?"

भात्याने बोटं मोजली. "तेव्हा सगळेच होते."

घसा तपासला तर आता साफ निघाला. ठिपके जायला काही आठवडे, कदाचित महिने लागतील, म्हणून मलम मिळालं. नात आजच घ्यायची परवानगी मिळाली. भात्याने ती कागदावर मागून घेतली.

बायकोने कागद दोनदा वाचला. लेकीने एकदाच वाचला आणि दार उघडलं. "बाबा, मी उगाच..."

"आण इकडे," भाता म्हणाला, आणि मान बरोबर धरली. यानंतरचं तुम्ही ऐकलेलं नाही.

अंग पुसताना बायको सहज बोलून गेली, "पहिल्या आठवड्यात ही शिंकायची आणि आपल्याच शिंकेला दचकायची. आता नाही दचकत."

भात्याने कोरा कागद घेतला आणि लिहिलं:

"प्रति, जन्मनोंदणी अधिकारी. अर्जदाराचा कोणताही दोष नसताना, तसेच त्याचे ठिपके संसर्गजन्य नसल्याचे डॉक्टरी पत्र सोबत जोडलेले असताना, त्यास नातीचे पहिले एकवीस दिवस काचेतून पाहावे लागले. तरी सदर बालिकेची जन्मतारीख एकवीस दिवस पुढे सरकवावी आणि ते दिवस, दचकण्यासह, तिने अर्जदाराच्या मांडीवर नव्याने काढावेत, अशी व्यवस्था आपल्या स्तरावर व्हावी, ही विनंती."