पाऊण उजव्या डोळ्यावर

शून्य

बेडूक शून्यावर बसला आहे. खाली पाणी.

"ही बाई फार बोलते."

ओट्यावर एक ओला स्पंज.

एका माणसाचा फोटो. त्यात फक्त दाढी.

"टाळ्या वाजवायलाही कुणीतरी लागतंच ना."

कोडमधली एक ओळ, जी काढून टाकायची होती.

उजवा डोळा, त्यावर ठेवलेलं बोट. वर्गभर असली बोटं.

हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. जोडत जाते.

पाव

बेडूक माझा. म्हणजे मी केलेला. एक तळं आहे, त्याच्या डाव्या काठावर शून्य, उजव्या काठावर एक, आणि मध्ये कुठलीच खूण नाही. वर प्रश्न येतो: पाऊण. बटण दाबून धरलं की बेडूक हवेतून पुढे जातो, सोडलं की खाली येतो. बरोबर पाऊणवर सोडलात तर कमळाच्या पानावर, चुकलात तर पाण्यात. अपूर्णांक शिकवायचा एवढाच खेळ. तो मी फुकट ठेवलाय, कोडसकट. कुणीही घ्या, मोडा, सुधारा, आणि सुधारलात तर परत पाठवा. अशा परत आलेल्या सुधारणांवरच तो वाढला. कुणी पानं रंगवली, कुणी सव्वा आणि दीडसाठी शेजारी दुसरं तळं खणलं. कुणी बेडकाला मिशा काढल्या, त्या मी पुसल्या.

माझ्या भाचीला जन्मापासून दिसत नाही. घरात तिला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण ती बंद होत नाही. तिच्या शाळेत गणिताच्या तासाला माझाच खेळ खेळतात आणि वर्षातून एकदा त्याचा सामना असतो. गेल्या सामन्यात सरांनी रेडिओला टाळ्या वाजवायचं काम दिलं होतं.

"सर म्हणाले, टाळ्या वाजवायलाही कुणीतरी लागतंच ना." जेवताना तिने हे अगदी सरांच्या आवाजात सांगितलं. मग घास गिळून स्वतःच्या आवाजात, "मावशी, तू सगळ्यांना सांगत फिरतेस, बेडूक सगळ्यांचा आहे म्हणून. मग माझा का नाही? यंदा मला खेळायचंय. टाळ्या दुसरं कुणीतरी वाजवेल."

मी कामाला लागले. खेळात एक आवाज घातला, शांत, समजूतदार, बाईचा. बेडूक पुढे जात आहे. बेडूक आणखी पुढे जात आहे. बेडूक पाण्यात पडला आहे.

"ही बाई फार बोलते," रेडिओ म्हणाली. "तिचं वाक्य संपेपर्यंत बेडूक बुडतो."

"जास्त बोलणारं माणूस तुला चालत नाही होय गं?" ताईने, म्हणजे तिच्या आईने, स्वयंपाकघरातून विचारलं.

अर्धा

इंटरनेटवर खेळाचं एक तक्रारींचं पान आहे, तिथे मी लिहिलं: 'ज्यांना दिसत नाही त्यांना बेडूक कुठवर आलाय हे कसं कळावं? मला जमत नाहीये. मदत हवी.'

उत्तर दाढीने दिलं. फोटोत फक्त दाढी म्हणून मी त्याला दाढी म्हणते. कोण, कुठला, ठाऊक नाही. वाद्यं दुरुस्त करतो एवढं त्याने लिहिलं होतं. 'बाईंना सुट्टी द्या. खेळणाऱ्याला हेडफोन द्या. शून्य डाव्या कानात, एक उजव्या कानात. सूर या कानातून त्या कानात चालत जाऊ दे. कोड जोडलाय. माझा कोड वाईट आहे, कान चांगले आहेत.'

दोन्ही खरं निघालं. कोड मी धुऊन, पिळून, वाळत घातला, बाईकडे फक्त प्रश्न वाचायचं काम ठेवलं आणि हेडफोन रेडिओच्या डोक्यावर चढवले.

ती गप्प झाली. आमच्या घरात ही घटना आहे.

"अगं!" मग ती ओरडलीच. "अर्धा माझ्या नाकावर आहे! नाकाच्या शेंड्यावर! थांब, थांब... पाव डाव्या डोळ्यावर. पाऊण उजव्या डोळ्यावर. बघ मावशी, शेवटी डोळे कामाला आले की नाही!"

फक्त बेडूक पानावर उतरल्याचा आवाज तिला पटेना. दाढीने टक असा लाकडी आवाज दिला होता. "हा बेडूक आहे की सुतार?" दुसऱ्या दिवशी माझ्या लॅपटॉपवर एक नवीन आवाज पडलेला दिसला. टप्प. ओला, जाडजूड, समाधानी. "कुठून आणलास?" मी विचारलं. "मिळाला," ती म्हणाली, आणि एका शब्दावर थांबली, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मग तपासणी. नियम रेडिओचा: जे तिला ऐकू येतं तेवढ्यावरच मीही खेळायचं, डोळे मिटून.

"तू बघतेयस."

"नाही गं."

"बघतेयस. पहिल्या फटक्यात इतकं बरोबर तुला येणारच नाही. तू लहानपणी गणितात ढ होतीस, आईने सांगितलंय."

म्हणून मी कोडमध्ये एक ओळ घातली: सगळी स्क्रीन काळी. आता चोरून बघायला काही उरलंच नाही. मी सलग पाण्यात पडत होते आणि रेडिओ खुर्चीत लोळून हसत होती.

तेव्हा ताई दारात उभी होती. रेडिओ हात धुवायला गेली तशी हळू आवाजात म्हणाली, "आणि हरली तर? मी तिला काय सांगू?"

"हरलीस असं सांग."

"तुला बोलायला सोपं आहे. त्या शाळेतून तिचा हात धरून घरी मी येणार."

सरांना मी भेटले. नाही म्हणाले नाहीत. चष्मा पुसला, घड्याळ बघितलं. "शेवटच्या रांगेतल्या मशीनवर बसू दे तिला. पण टाळ्यांचं तेवढं..."

"टाळ्या मी वाजवीन," मी म्हणाले.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी नवी आवृत्ती मी सगळ्या शाळांना सोडली. आवाजासकट, टप्पसकट. आणि त्या ओळीसकट.

पाऊण

संगणकांची खोली. प्रत्येक मशीनला हेडफोन, मुलं आपापल्या जागी, ताई आणि मी भिंतीला टेकून. सरांनी घंटा वाजवली आणि खोलीतल्या सगळ्या स्क्रीन एकदम काळ्या झाल्या.

"वीज गेली!"

"पंखा फिरतोय की, शहाण्या."

"सर, माझं मशीन मेलं!"

"माझं पण!"

क्षणात कळलं मला: ती ओळ काढायची राहिली होती. खाली बसकण मारली, लॅपटॉप उघडला. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, सामना रद्द करावा लागेल," आणि त्याच वेळी मागच्या रांगेतून रेडिओचा आवाज आला. कानांवर हेडफोन असल्यामुळे ती बोलत नव्हती, गर्जत होती.

"पान! सर, चौथं पान! पुढचा प्रश्न काय भारी आहे!"

सगळी मुलं मागे वळली. काय बिघडलंय हे खोलीत फक्त तिलाच माहीत नव्हतं. तिच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नव्हतं.

"दोन मिनिटांत ठीक करते," मी म्हणाले आणि ती ओळ शोधू लागले.

लॅपटॉपच्या झाकणावर एक हात आला. ताईचा.

"थांब."

"अगं, सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत. एक फेरी अशीच होऊ दे. मग कर तुझं दुरुस्त."

बुलेटने ऐकलं. बुलेट म्हणजे गेल्या वर्षी जिंकलेला मुलगा. उत्तराला कधी वेळच घेत नाही. "हा अन्याय आहे! तिला याची सवय आहे!"

शेजारची मुलगी काळ्या स्क्रीनचं सांगत होती म्हणून रेडिओने एक कान मोकळा केला होता. "आणि तुला चित्राची आहे. मी काही म्हटलं का?"

सरांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि रेडिओला म्हणाले, "पुढे ये. यांना सांग कसं खेळायचं ते."

ती खुर्च्यांच्या पाठी चाचपत फळ्यापाशी गेली. "हेडफोन घाला. डोळे मिटा, नाही मिटलेत तरी चालेल, दिसणार तर काही नाहीच. डावा कान शून्य. उजवा कान एक. नाक अर्धा. पाव डाव्या डोळ्यावर. आता पाऊण दाखवा." आणि मुलांची बोटं एकेक करून उजव्या डोळ्यावर गेली. सरांचंही गेलं.

काळ्या फेरीत मुलं धबाधब पाण्यात पडली. हसत पडली. "मी नाकातच बुडालो!" असं कुणीतरी किंचाळलं. रेडिओ इतकी पुढे गेली की दुसरा नंबर कुणाचा हे कुणी विचारलंच नाही.

मग मी ओळ काढली आणि तळं परत आलं. पानं, पाणी, रंग. दुसरी फेरी चित्रासकट. ही खरी. बुलेटचे डोळे स्क्रीनवर खिळले, रेडिओची हनुवटी वर उचललेली. तिचं पान, त्याचं पान. तिचं, त्याचं. पाच अष्टमांश आला. बुलेटने अंदाजाने सोडला आणि बेडूक बुडाला. रेडिओने नाकावर बोट ठेवलं, ते उजव्या डोळ्याच्या दिशेने निम्मं सरकवलं, आणि बटण सोडलं.

पान.

घंटा झाली. सरांनी स्वतः तिचे गुण दोनदा वाचले, दुसऱ्यांदा जास्त मोठ्याने. बुलेट उठून तिच्याकडे गेला. "नाकापासून निम्मं? हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंस का?"

टाळ्यांसाठी कुणाला नेमायची गरज पडली नाही.

एक

तक्रारींचं पान, त्याच दिवशी, आलं तसं:

'स्क्रीन काळी. तास वाया गेला.'

'स्क्रीन काळी. तास वाया गेला नाही.'

'तुम्ही दुरुस्त का केलंत? मुलं रडताहेत. काळं परत द्या.'

'आमच्याकडे एक मुलगा आहे, ज्याला दिसत नाही. तो आज पहिल्यांदा वर्गात हरला. इतका खूश कधी नव्हता. उद्या परत खेळणार म्हणतो.'

खाली दाढी: 'हा बग नाही. याला बटण द्या.'

दिलं. आता तळ्याच्या कोपऱ्यात एक बटण आहे: दिवे घालवा. कोड सगळ्यांसाठी उघडा आहे, आणि ती ओळ कुणी लिहिली तिथे माझ्याबरोबर रेडिओचंही नाव आहे, तिच्या हट्टाने माझ्या आधी.

घरी येताना ताईने तिचा हात धरला नव्हता. रेडिओ काठी आपटत पुढे चालली होती, बडबडत, आणि आम्ही दोघी मागे.

"लोक काम करून दिवे लावतात," ताई म्हणाली. "तू घालवून लावलेस." आणि डोळे पुसून वर मलाच म्हणाली, "हसतेस काय?"

सव्वा

बेडकाचा टप्प ताईने काढला होता, रेडिओच्या सांगण्यावरून, ओला स्पंज ओट्यावर पुन्हा पुन्हा आपटून, 'हरली तर' असं मला विचारण्याच्या आदल्या दुपारी.